गाडी इथली झाली, पडदा अजून जपानातच

क्वीन स्ट्रीट उतरून समुद्रापाशी आलं की ऑकलंडचं बंदर लागतं. धक्क्यावर जपानहून उतरलेल्या गाड्या ओळीनं उभ्या असतात. कुणाच्या काचेच्या कोपऱ्यात तिकडच्या तपासणीचा चौकोनी स्टिकर तसाच असतो, कुणाच्या सीटखाली जपानी दुकानाची पावती सापडते. माझ्या ओळखीतल्या बहुतेक मराठी घरांची न्यूझीलंडमधली पहिली गाडी याच धक्क्यावरून आली. माझीही आली. गाडी उत्तम आहे. तिच्या स्टेरिओचा पडदा मात्र पूर्ण जपानी आहे आणि त्याची भाषा बदलायची सोय त्यात नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. गाडी रस्त्यावर आणण्यालायक आहे की नाही हे ठरवताना ब्रेक आणि टायर बघतात, तशी तिच्या पडद्याची भाषाही बघितली पाहिजे. ती बदलून देण्याची, नाही जमलं तर निदान तसं आधी लिहून देण्याची जबाबदारी गाडी आणून विकणाऱ्यावर असली पाहिजे. आज ती सगळी घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. ते का चुकीचं आहे, ते मुद्द्यांनी मांडते.

१. ही चारदोन हौशी लोकांची अडचण नाही.

जपानात गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. इथंही तसंच. तिकडं नव्या खासगी गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी होते, पुढं दर दोन वर्षांनी. तिला ‘शाकेन’ म्हणतात आणि ती खर्चिक असते, म्हणून बरेच मालक ती तारीख जवळ आली की गाडी विकून टाकतात. लिलावात निघालेली ही गाडी चांगल्या अवस्थेत असते. न्यूझीलंडनं १९८०च्या दशकाच्या अखेरीस अशा गाड्यांना दार मोकळं केलं. १९९८मध्ये मोटारींवरची आयातजकात गेली आणि त्याच वर्षी इथले गाड्या जुळवणारे शेवटचे कारखाने बंद झाले. तेव्हापासून या देशातली प्रत्येक मोटार बोटीनंच येते. नवी गाडी परवडत नाही त्याला जपानची जुनी गाडी हाच सरळ रस्ता आहे. विद्यार्थी, रात्रपाळीच्या नर्सेस, पॅसिफिक बेटांवरून आलेली मोठी कुटुंबं आणि आपल्यासारखे नव्यानं आलेले लोक त्याच रस्त्यानं जातात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे थोडं अनोळखी वाटेल. भारतात बाहेरची जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, ती मुंबई बंदरातूनच आणावी लागते आणि वर जकात भारी. त्यामुळे सांगली-साताऱ्यात जपानी पडद्याची गाडी दिसणं कठीण. इथं ती दर गल्लीत आहे.

२. पडद्यावर नेमकं काय असतं, ते जवळून बघू.

गाडी सुरू केली की आधी एक बाई बोलते. ‘ई-टी-सी कादो गा सोन्यू सारेते इमासेन.’ म्हणजे टोलचं कार्ड घातलेलं नाही. ही टोलपेटी जपानातल्या हमरस्त्यांसाठीची आहे. तिचा इथं काडीचा उपयोग नाही, तरी ती रोज सकाळी आठवण करते. मग नकाशा उघडतो. तो फक्त जपानचा असतो, त्यामुळे ऑकलंडमध्ये उभ्या असलेल्या गाडीचा बाण निळ्या समुद्रात तरंगताना दिसतो. कोपऱ्यातलं घड्याळ माझ्याकडे हिवाळ्यात तीन तास मागं असतं, उन्हाळ्यात चार. वेळ उपग्रहावरून येते आणि ती जपानच्याच वेळेत दाखवायची असं त्या यंत्रात पक्कं बसवलेलं आहे. हातानं पुढं करायला बटणच ठेवलेलं नाही.

खाली चौकटी असतात. ‘सेत्तेई’ म्हणजे सेटिंग. ‘मोकुतेकिची’ म्हणजे जायचं ठिकाण. ‘गेंझाइची’ म्हणजे आत्ता आहोत ती जागा. ‘मोदोरु’ म्हणजे मागं. ‘कोत्सू जोहो’ म्हणजे रस्त्यावरच्या वाहतुकीची माहिती. ती चौकट दाबली की रेडिओ १६२० किलोहर्ट्‌झवर जातो, कारण तिकडं महामार्गाचं प्रक्षेपण तिथं लागतं. इथं नुसती खरखर. ‘सेत्तेई’मध्ये शिरून मी दोन संध्याकाळी ‘गेंगो’ शोधत होते. गेंगो म्हणजे भाषा. काही यंत्रांत ती चौकट असते, तिच्यात ‘एइगो’ म्हणजे इंग्रजी निवडलं की बरंच काम होतं. माझ्या यंत्रात ती नाही. जपानी बाजारासाठी केलेल्या पुष्कळ यंत्रांत ती नसतेच, कारण त्यांच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या भाषेचे शब्दच भरलेले नसतात. नसलेली भाषा कुठलं बटण दाबून आणणार?

याचं कारण समजण्यासारखं आहे. हे यंत्र जपानच्या नकाशासाठी, जपानच्या टोलसाठी, जपानी टीव्हीसाठी आणि तिथल्या वाहतूक-संदेशांसाठी बनवलेलं. ते समुद्र ओलांडेल असं करणाऱ्यानं धरलेलंच नव्हतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण गाडी बोटीत चढवणाऱ्याला ते ठाऊक असतं, ती इथं यार्डात उभी करणाऱ्यालाही ठाऊक असतं.

३. चिन्हं सगळीकडे सारखी असतात, वाक्यं नसतात. धोका इथं आहे.

तेलाची किटली, बॅटरीचा चौकोन, सीटबेल्टचा माणूस, ही चिन्हं आंतरराष्ट्रीय मानकानं ठरलेली आहेत. नागोयात असो की नागपुरात, लाल किटली दिसली की गाडी थांबवायची हे ड्रायव्हरला कळतं. गेल्या वीसेक वर्षांत मात्र गाड्या चिन्हांसोबत वाक्यं बोलायला लागल्या. पिवळी चौकट उघडते आणि तिच्यात दोन ओळी येतात. त्या ओळींसाठी मात्र असं कुठलंच सर्वांना समजणारं मानक नाही.

माझ्यावर ही वेळ सदर्न मोटरवेवर आली. संध्याकाळ होती, पाऊस होता, शेजारी आई बसलेली, सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेली. समोर पिवळी चौकट आली, टणटण वाजलं.

“अगं, काय म्हणतंय ते?”

“माहीत नाही गं.”

“माहीत नाही म्हणजे? गाडी पेटायची तर नाही ना?”

मी डावीकडच्या कडेच्या पट्टीवर गाडी घेतली. ताशी शंभरनं जाणारे ट्रक हातभर अंतरावरून पाणी उडवत जात होते, दर ट्रकला गाडी हलत होती. मोटरवेच्या कडेला विनाकारण थांबणं हाच मोठा धोका असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि कारण होतं की नव्हतं, तेच तर कळत नव्हतं. मी फोननं त्या चौकटीचा फोटो काढला आणि भाषांतर करून घेतलं. किल्लीतल्या बटणाएवढ्या सेलची शक्ती कमी झाली होती, बस. सुपरमार्केटात मिळणारा सेल.

त्या दिवशी हसून सोडून द्यावं असं मला अजिबात वाटलं नाही. कारण हायब्रिड यंत्रणेत बिघाड झाला असता तरी तशीच चौकट, तसाच रंग आणि तशीच दोन ओळींची अनोळखी अक्षरं आली असती. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुढं दोनच वाटा उरतात. दर वेळी घाबरून कडेला थांबायचं, नाहीतर सवयीनं दुर्लक्ष करायचं. बहुतेक लोक दुसरी वाट धरतात. माझ्या ओळखीतले एक काका, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो, टॅक्सी चालवतात. त्यांच्या गाडीत अशी चौकट आली की ते बटण दाबून ती घालवतात. “रोजचंच आहे,” म्हणतात. इशारा रोजचाच वाटायला लागला की त्याला इशारा म्हणायचं कशाला?

४. फोननं भाषांतर करा, हा सल्ला कायद्यात बसत नाही.

यार्डातला विक्रेता हमखास हेच सांगतो. ॲप आहे ना, कॅमेरा धरायचा. घराच्या अंगणात हे ठीक आहे. चालत्या गाडीत फोन हातात धरणं इथं १ नोव्हेंबर २००९पासून गुन्हा आहे. २०२१पासून त्याला १५० डॉलर दंड आहे आणि २० डिमेरिट गुण लागतात. म्हणजे इशारा आला त्या क्षणी तो समजून घ्यायचा, तर कायदा मोडावा लागतो. ज्या सोयीनं ग्राहकाला दंड होऊ शकतो, ती सोय विक्रेत्यानं सांगूच नये.

५. रेडिओचा प्रश्न भाषेहून वेगळा दिसतो, पण मूळ एकच आहे.

जपानात एफएमचा पट्टा ७६ मेगाहर्ट्‌झला सुरू होतो आणि जुन्या यंत्रांत ९०ला संपतो, अलीकडच्यांत ९५ला. न्यूझीलंडचा पट्टा ८८ ते १०८. दोन्हींचा सामाईक तुकडा तो केवढा? ऑकलंडमध्ये रेडिओ न्यूझीलंडचं राष्ट्रीय केंद्र १०१.४वर आहे, शास्त्रीय संगीताचं केंद्र ९२.६वर. जुन्या जपानी स्टेरिओला ही दोन्ही ऐकूच येत नाहीत.

त्यावर उपाय म्हणून अँटेनाची तार आणि स्टेरिओ यांच्या मध्ये काडेपेटीएवढी एक डबी बसवतात. तिला इथं बँड एक्सपांडर म्हणतात. ती डबी येणारी लहर ठरावीक आकड्यानं खाली आणते. समजा डबी १२ची असेल, तर १०१.४चं केंद्र पडद्यावर ८९.४ला लागतं आणि ९२.६चं ८०.६ला. १०२च्या पुढचं काहीही ९०ला संपणाऱ्या यंत्रात येत नाही. शिवाय कुठली डबी किती आकड्यांची आहे हे गाडीत कुठं लिहिलेलं नसतं. स्टेरिओमागं कुठंतरी दडवलेली ती डबी आहे की नाही, हेही कुणी सांगत नाही. लोक वर्षभर अंदाजानं बटणं दाबत राहतात.

ही करमणुकीपुरती तक्रार आहे असं कुणी म्हणेल, त्यानं २०२३ची सुरुवात आठवावी. २७ जानेवारीला ऑकलंडमध्ये पूर आला. पंधरवड्यानं गॅब्रिएल वादळ आलं आणि हॉक्स बे, गिझबर्नकडे वीज गेली, मोबाइल बंद पडले, इंटरनेट गेलं. कुठला रस्ता तुटला, कुठल्या गावानं घर सोडायचं, हे कळायला रेडिओ राहिला. वीज गेलेल्या घराबाहेर उभ्या गाडीत रेडिओ असतो, बॅटरी असते. संकटात गाडीतला रेडिओ लावा, असं नागरी संरक्षणवालेच सांगतात. ज्याच्या गाडीत १०१.४ येत नाही त्यानं काय करावं? त्यातल्या त्यात एक बरं आहे. एएमचा पट्टा दोन्ही देशांत जवळजवळ सारखा आहे, दोन केंद्रांमधलं अंतरही नऊ-नऊ किलोहर्ट्‌झचं. त्यामुळे ऑकलंडमध्ये जपानी स्टेरिओवरही ७५६ एएमला राष्ट्रीय केंद्र लागतं. ही एक ओळ गाडी विकताना कागदावर छापून दिली तर किती खर्च येईल? मला ती चार वर्षांनी एका ऑटो-इलेक्ट्रिशियननं सांगितली.

६. आईची बाराखडी.

हा मुद्दा माझ्या बाजूनं आहे की विरुद्ध, हे मी बरेच दिवस ठरवत होते. लिहिते.

आईनं प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं. मोटरवेच्या त्या प्रकारानंतर दुसऱ्या दिवशी ती अंगणात गाडीत जाऊन बसली आणि मला म्हणाली, “ही अक्षरं काय आहेत ते सांग बघू.” जायचं ठिकाण लिहायच्या पडद्यावर जपानी अक्षरांचा तक्ता येतो. मला थोडं येत होतं, मी बोट ठेवून वाचत गेले. पहिला खांब अ, इ, उ, ए, ओ. दुसरा का, की, कु, के, को. मग सा. मग ता. मग ना, हा, मा. मग या, रा, वा.

आई म्हणाली, “थांब. ही तर बाराखडी आहे.”

आणि ती खरंच आपल्याच घरातली आहे. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी जपानात नेली, तिचा अभ्यास तिथं झाला आणि अक्षरं उच्चाराच्या जागेप्रमाणं लावायची आपली रीत त्यांच्या तक्त्यात उतरली. कंठातून निघणारा क आधी, ओठांवरचा म नंतर, शेवटी य, र, व. इंग्रजीत वाढलेल्या माणसाला तो तक्ता पाठ करायला महिना लागत असेल. आईला चार दिवस लागले. तिनं वहीत डावीकडं जपानी अक्षर आणि उजवीकडं देवनागरी असा तक्ता केला. परक्या शब्दांसाठी वापरतात ती काताकाना लिपी तिनं आधी घेतली, कारण स्टेरिओवर तीच जास्त. मग ‘ओओदिओ’ म्हणजे ऑडिओ, ‘राजिओ’ म्हणजे रेडिओ, ‘मेन्यू’ म्हणजे मेन्यू, असं ती वाचून दाखवायला लागली. ती वही माझ्या गाडीच्या कप्प्यात अजून आहे आणि ती माझ्याजवळची फार मोलाची वस्तू आहे.

म्हणून कुणी म्हणेल, बघा, शिकता येतं की. येतं. पण काताकाना वाचता आली तरी ‘मोकुतेकिची’ चिनी वळणाच्या चित्राक्षरांत लिहिलेलं असतं, इशाऱ्यांतले महत्त्वाचे शब्दही तसेच. ती शाळेतल्या जपानी मुलांना शिकायला वर्षं लागतात. भाषा शिकणं हा आनंद आहे, तो मी कुणाकडूनही काढून घेणार नाही. ब्रेकच्या इशाऱ्याचा अर्थ कळण्याची अट म्हणून ती शिकायला लावणं हा अन्याय आहे.

७. ‘स्टेरिओच बदला’ हे उत्तर दिवसेंदिवस निरुपयोगी होत चाललंय.

जुन्या गाड्यांत स्टेरिओ हा सुटा डबा होता. दोन स्क्रू काढले की बाहेर. त्या जागी नवा अँड्रॉइडचा पडदा बसवता येतो आणि बरेच जण तेच करतात. पण तो बसवला की मागच्या कॅमेऱ्याचं चित्र जाण्याची शक्यता असते, कारण जपानी कॅमेऱ्याची जोडणी आणि त्याला लागणारं व्होल्टेज पुष्कळदा वेगळं असतं. स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं मुकी होतात. ते सगळं जुळवायला वेगळ्या तारा आणि जाणता माणूस लागतो, त्याचे पैसे वेगळे.

त्यात आता स्टेरिओ सुटा राहिलेला नाही. २०१९ साली जपानात आलेल्या कोरोलात डिस्प्ले ऑडिओ सरसकट बसवलेला होता. अशा पडद्यात गाडीच्याच सेटिंग असतात. तो उपटून फेकणं म्हणजे गाडीचा एक अवयव काढणं. आणि त्याच वर्षांतल्या गाड्या आता जुन्या म्हणून इथल्या धक्क्यावर उतरतायत. पाच वर्षांपूर्वी हा प्रश्न गाण्यांचा होता, पाच वर्षांनी तो गाडीच्या निम्म्या कारभाराचा झालेला असेल.

बॅटरी बदलल्यावर यंत्र कुलूपबंद होतं, ते तर वेगळंच. वीज तुटली की पुष्कळ जपानी स्टेरिओ नकाशाचं एसडी कार्ड मागतात, नाहीतर संकेतांक मागतात. तेही जपानीतच. कार्ड तिकडेच राहिलेलं असतं, संकेतांक पहिल्या मालकाला माहीत. शंभर-दोनशे डॉलरच्या बॅटरीपायी चालू स्टेरिओ कायमचा बंद पडलेला मी दोन घरांत बघितलाय.

८. सरकारला हे करता येतं. याहून अवघड गोष्टी ते रोज करतं.

या देशाच्या बंदरावर किती बारकाईनं बघतात ते सांगते. २०१८च्या फेब्रुवारीत जपानहून आलेल्या गाड्यांच्या जहाजांवर तपकिरी ठिपक्यांचे दुर्गंधी सोडणारे ढेकूण सापडले. फळबागांचा नाश करणारा किडा तो. जहाजं परत पाठवली. एका किड्यासाठी हजारो गाड्या समुद्रात मागं वळवल्या गेल्या आणि ते बरोबरच होतं. त्या काटेकोरपणाचा मला इथली नागरिक म्हणून अभिमान वाटतो. येणाऱ्या प्रत्येक गाडीचा किलोमीटरचा आकडा नोंदवतात. गंज बघतात. मार्च २०२०पासून बाहेरून येणाऱ्या जुन्या मोटारींना इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असणं सक्तीचं झालं, तेव्हा गाड्या महागतील, धंदा बसेल अशी ओरड होती. धंदा चालू आहे. विक्रेत्यांनी तसल्या गाड्या निवडून आणायला सुरुवात केली, इतकंच.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथं जपानी गाडी नोंदवायची तर वेगाचा काटा मैलांत दिसला पाहिजे. किलोमीटरचा काटा घेऊन आलात तर आधी बदलून आणा. आकड्यांसाठी जो नियम आहे तो अक्षरांसाठी का नसावा?

मला तीन गोष्टी हव्यात आणि त्या तीनही आज असलेल्या चौकटीत बसतात.

पहिली. यार्डातल्या प्रत्येक जुन्या गाडीच्या काचेवर ग्राहकासाठी माहितीचं कार्ड लावणं २००८च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. किंमत, कंपनी, उत्पादनाचं वर्ष, किलोमीटर, आधी कुठल्या देशात नोंदवलेली होती, नुकसान झालेली म्हणून आणली का, हे त्यावर असतं. त्यात तीन ओळी वाढवा. पडद्याची भाषा कुठली, इंग्रजी करता येते का. डॅशबोर्डवरच्या इशाऱ्यांची भाषा कुठली. एफएम कुठून कुठपर्यंत लागतो, डबी बसवली असेल तर ती किती आकड्यांची. एवढं लिहायला विक्रेत्याला दहा मिनिटं लागतील.

दुसरी. डॅशबोर्डवरचे सुरक्षेचे संदेश इंग्रजीत आणता येत असतील, तर ते आणल्याशिवाय गाडी विकू नये. आणता येत नसतील तर त्या मॉडेलच्या इशाऱ्यांचा इंग्रजी तक्ता, चित्रांसकट, गाडीसोबत छापील द्यावा. माझ्या आईनं पेन्सिलीनं वहीत केला तसाच, थोडा मोठा. ते छापताना माओरीचाही विचार करावा. माओरी ही १९८७पासून या देशाची अधिकृत भाषा आहे. गाडीचा इशारा माओरीत वाचता यावा, ही मागणी माओरी लोकांनी केली तर मी त्यांच्या शेजारी उभी राहीन. परभाषेत अडकलेल्या माणसाला ती मागणी लगेच कळते.

तिसरी कंपन्यांसाठी. पुढचा मुद्दा तोच.

९. भाषा देणं कंपन्यांच्या हातात आहे आणि त्या देत नाहीत.

त्याच कंपन्या निर्यातीच्या गाड्यांत इंग्रजी पडदा बसवतात. शब्द भाषांतरित झालेले आहेत, तपासलेले आहेत, वापरात आहेत. ज्या यंत्राचं बरंचसं आयुष्य जपानाबाहेर जातं, त्या यंत्रासाठी दुसरी भाषा भरायची फाइल उघड करणं हे मोठं काम नाही. निसान लीफसारख्या विजेच्या गाड्या जपानहून इथं मोठ्या संख्येनं आल्या, तेव्हा त्यांच्या डॅशबोर्डची भाषा बदलायची वाट हौशी तंत्रज्ञांनी स्वतः शोधून काढली. चार्जिंग किती झालं, बॅटरी किती उरली, हे मालकाला वाचता यायला लागलं. जे गॅरेजमध्ये बसून दोनचार माणसांना जमलं, ते कंपनीला जमतं. आयात करणारे व्यापारी शेकड्यांनी गाड्या घेतात. त्यांनी एकत्र मागणी केली तर ऐकणारं कुणी भेटेल. एकेकट्या ग्राहकाचं पत्र तिकडं कोण वाचणार?

१०. स्वस्त गाडी घेतली तर एवढं सोसायलाच हवं, असं म्हणणाऱ्यांसाठी.

हे आपल्यातलेच लोक जास्त म्हणतात. ‘चार पैसे वाचवले ना, मग?’ मला ते पटत नाही. स्वस्त गाडीच्या ब्रेकला सूट नसते. वॉरंट ऑफ फिटनेसच्या, म्हणजे गाडी रस्त्यालायक आहे का हे बघणाऱ्या तपासणीत पाच हजारांची गाडी आणि पन्नास हजारांची गाडी एकाच मापानं मोजतात. १९९३चा ग्राहक हमी कायदासुद्धा वस्तू ज्या कामासाठी घेतली त्या कामाला ती योग्य हवी असंच म्हणतो. इशारा देणं हे डॅशबोर्डचं काम आहे. समजत नाही असा इशारा देणारा डॅशबोर्ड त्या कामाला योग्य आहे का, हा प्रश्न कुणीतरी मोटार तंटा न्यायाधिकरणापुढं नेला पाहिजे.

आणि हे एकट्या न्यूझीलंडचं नाही. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात करारावर गेलेल्या मजुरांची मराठी कुटुंबं आहेत, आजही गणपती बसवतात. तिथंही जपानहून आलेल्या जुन्या गाड्या रस्तोरस्ती आहेत. केनियात आठ वर्षांपर्यंतच्या जुन्या गाड्या आणता येतात, मोंबासा बंदरातून त्या नैरोबीत येतात आणि तिथल्या आपल्या लोकांच्या दारातही उभ्या असतात. त्यांच्याही गाडीत तीच बाई टोलचं कार्ड मागते.

११. नियम होईल तेव्हा होईल. उद्या यार्डात जाणार असाल तर एवढं करा.

गाडी सुरू करायला लावा आणि पडद्यापुढं पाच मिनिटं बसा. दातेरी चाकाचं चिन्ह किंवा ‘सेत्तेई’ शोधा, आत ‘गेंगो’ आहे का बघा. उभ्या गाडीत फोनचा कॅमेरा धरायला हरकत नाही. रेडिओ १०१.४वर न्यायचा प्रयत्न करा. आकडा तिथंपर्यंत जात नसेल तर डबी बसवली आहे का आणि किती आकड्यांची, हे विचारा आणि उत्तर पावतीवर लिहून घ्या. नकाशाचं एसडी कार्ड जागेवर आहे का ते खाच उघडून बघा, ते कधीही काढून टाकू नका. बॅटरी बदलायची वेळ आली तर वीज तुटू न देता बदलायला सांगा, चांगल्या मेकॅनिककडे त्याची सोय असते. ७५६ एएम एका बटणावर साठवून ठेवा. टोलपेटीची तार काढून घ्या, बाई गप्प होईल.

विक्रेत्यानं भाषा बदलून देतो असं तोंडी सांगितलं, तर पैसे भरण्याआधी बदललेला पडदा डोळ्यांनी बघा. आणि घरी येऊन तुमच्या खासदाराला चार ओळींचं पत्र लिहा, काचेवरच्या कार्डात त्या तीन ओळी वाढवा म्हणून. मी लिहिलंय. सोबत आईच्या वहीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडलाय.